हक्काचा रकाना

माझ्याकडून कुलूप उघडून हवं असेल, तर आधी वहीत लिहावं लागतं. गिऱ्हाईक कितीही घायकुतीला आलेलं असो. आत लहान मूल अडकलेलं नसेल किंवा शेगडीवर काही जळत नसेल, तर वही आधी आणि हत्यारं नंतर. वहीत तीन रकाने आहेत. पहिल्यात नाव. दुसऱ्यात दार कुठलं ते. आणि तिसरा रकाना भल्याभल्यांना घाम फोडतो: हे दार उघडून मागायचा तुम्हाला हक्क काय? उत्तर स्वतःच्या अक्षरात लिहायचं. मी सांगणार नाही, सुचवणार नाही. फक्त वाचणार, आणि पटलं तर हत्यारांची पेटी उचलणार.

ही पद्धत माझ्या वडिलांनी घातली. त्यांच्या उमेदीच्या काळात एक गृहस्थ दुकानात आले. अंगात इस्त्रीचा कोट, बोलणं लाघवी. घराची चावी प्रवासात हरवली म्हणाले. वडिलांनी भाबडेपणाने दार उघडून दिलं, वर त्यांच्या बॅगा उचलायलाही हात लावला. बॅगा आत जात नव्हत्या, बाहेर येत होत्या, हे त्यांच्या लक्षात यायला चार दिवस लागले. तोवर घराचे खरे मालक परत आले होते. तेव्हापासून वडिलांनी कानाला खडा लावला.

जुन्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. कधी काम नसलं की वाचत बसते. एका नवऱ्याने तिसऱ्या रकान्यात लिहिलंय, 'मी तिचा नवरा आहे.' खाली वडिलांची पेन्सिल: 'घर कोणाचं?' आणि त्याखाली नवऱ्याचं बारीक झालेलं अक्षर: 'तिचं.' एकदा आमचे नगराध्यक्ष आले होते, भावाच्या घराचं दार उघडून घ्यायला. त्यांनी तिन्ही रकाने व्यापतील एवढ्या अक्षरात 'नगराध्यक्ष' असं लिहिलं. वडील म्हणाले, "गावाचे अध्यक्ष तुम्ही. भावाच्या स्वयंपाकघराचे नाही." नगराध्यक्ष तणतणत गेले. भाऊ स्वतः आला, त्याने लिहिलं, तेव्हा दार उघडलं. वडिलांना मोठ्या माणसाची भीती वाटत नसे असं नाही. वाटायची. पण वही समोर असली की ते वहीकडे बघून बोलत, माणसाकडे नाही, आणि मग जमून जाई.

आता माझ्या जावयांबद्दल. जावई केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यात अधिकारी आहेत. माणूस सज्जन. आठ वर्षांत मला त्यांच्यात खोट सापडलेली नाही, आणि मी शोधली नाही असं मुळीच नाही. एकच वाईट होतं, ते म्हणजे त्यांची नेमणूक. देशाच्या पार टोकाला. आगगाडी, मग बस, मग होडी, असा दोन दिवसांचा प्रवास. माझी एकुलती एक मुलगी तिकडे, आणि सहा वर्षांची नात तिकडे. नातीला आम्ही चिमणी म्हणतो. वर्षातून एकदा आठ दिवस ती माझ्याकडे येते. पहिले तीन दिवस माझ्याशी लाजण्यात जातात आणि शेवटचे दोन सामान भरण्यात. उरलेले तीन दिवस मी आजी असते. बाकी वर्षभर मी फोनमधला आवाज असते, तोही धड ऐकू न येणारा.

त्यामुळे त्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास दुकानासमोर सरकारी जीप थांबली आणि तिच्यातून जावई उतरले, तेव्हा मी हातातली कानस तशीच टाकून उठले.

"जावईबापू, कळवायचं तरी," मी म्हटलं. "एकटेच? चिमणी कुठाय?"

"कामावर आलोय, आई." त्यांच्या मागून एक वयस्क कारकून उतरले. गळ्यात कॅमेरा. त्यांनी मला मान तुकवली आणि लगेच दुकानाचा एक फोटो काढला. का, कोण जाणे.

मी चहा टाकला. जावयांनी कप हातात घेतला, पण पिईनात. मग हळूच म्हणाले, "एक गोष्ट सांगायचीय. तिनं सांगितलं नसेल तुम्हाला, पक्कं होईपर्यंत बोलायचं नाही असं ठरलं होतं. खात्याचं नवं कार्यालय निघतंय. आपल्या गावात. तिथली जागा मला देतो म्हणालेत."

माझी मुलगी आठवड्यापूर्वीच फोनवर म्हणाली होती, 'आई, तुझ्या जवळपास दोन खोल्या रिकाम्या आहेत का, बघून ठेव ना सहज.' सहज म्हणे. मी काही दुधखुळी नाही. त्याच दिवशी मी शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या बघून आले होते. माझ्या दारापासून चालत पाच मिनिटं, आणि ती पाच मिनिटं मी दोनदा चालून पाहिली होती. आता जावयांच्या तोंडून ऐकलं आणि माझे डोळे भरून आले. मी लपवलंही नाही. आनंद झाला तर झाला, त्यात काय लपवायचं.

"फक्त," जावई म्हणाले, "त्याआधी इथलं एक काम व्हायला हवं. शुक्रवारच्या आत. आणि ते तुमच्याशिवाय होणार नाही."

काम असं होतं. दुकानासमोर रस्त्यापलीकडे आमची सरकारी शाळा आहे, राज्य सरकारची. शाळेत तळमजल्यावर नोंदवह्यांची खोली. दार पोलादी आणि कुलूप माझ्या वडिलांच्या हातचं, सात पट्ट्यांचं. एकेक पट्टी नेमक्या उंचीवर उचलली तरच ते सुटतं. खोलीत शाळा सुरू झाल्यापासूनच्या वह्या आहेत: कोणतं मूल कधी आलं, कधी गेलं, आईबाप काय करतात, घर कुठे, आजार कुठला. केंद्राला त्या वह्या हव्या होत्या. ज्या मुलांची शाळा मध्येच सुटली त्यांची देशभराची यादी करायची आणि त्यांना घरी पुस्तकं पोचवायची, पुन्हा शिकवायचं, अशी योजना.

"चांगली योजना आहे," मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. वडिलांची नजर अधू झाली तेव्हा सातवीतून माझं नाव काढलं होतं. त्या पोलादी दाराआड कुठल्या तरी वहीत माझ्या नावापुढे 'परीक्षेस गैरहजर' असं लिहिलेलं आहे. मला तेव्हा कुणी घरी पुस्तक आणून दिलं असतं, तर मी आज काय असते सांगता येत नाही. बहुधा कुलूपवालीच असते, पण जरा जास्त वाचलेली.

"मग अडलंय कुठे?" मी विचारलं.

"हेडबाई चावी देत नाहीत."

हेडबाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. माझ्याच वर्गातल्या. लहानपणी आम्ही तिला फूटपट्टी म्हणायचो, ती मला चावी म्हणायची. ती शिकत राहिली, मी दुकानात बसले. चाळीस वर्षं आम्ही रस्त्याच्या दोन बाजूंनी एकमेकींना टोमणे मारत आलो आहोत आणि दोघींची तब्येत त्यावरच टिकून आहे.

"दार फोडता येईल," जावई म्हणाले, "पण वरून सूचना आहेत की मोडतोड नको. बघा." त्यांनी आदेशाचा कागद पुढे केला. 'नोंदवह्या स्थानिक नागरिकांच्या सहकार्याने ताब्यात घ्याव्यात.'

"म्हणजे ते स्थानिक नागरिक मीच की."

"हो," जावई म्हणाले, आणि कारकुनांनी माझा एक फोटो काढला.

मी सवयीने वही काढून जावयांपुढे ठेवली. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात काही नव्हतं. गिऱ्हाईक आलं की वही, एवढंच. जावयांनी झरझर नाव लिहिलं. दार कुठलं ते लिहिलं. तिसऱ्या रकान्यात लिहिलं, 'केंद्र शासनाचा आदेश.'

मी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"जावईबापू, आदेश आहे हे कळलं. पण शाळा कोणाची?"

"राज्याची."

"मग केंद्राचा हक्क काय?"

"आई, तसं बघितलं तर..." ते थांबले. घोडं नेमकं इथेच पेंड खात होतं, आणि ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. "तसं बघितलं तर घटनेप्रमाणे शाळा राज्याकडेच आहेत. केंद्राने राज्याला विचारलं होतं. राज्याचं विधिमंडळ पुढच्या महिन्यात बसून ठरवणार आहे, कोणती माहिती द्यायची, कोणती झाकायची. पण वर कुणाला महिनाभर थांबायचं नाहीये."

त्यांनी तिसरा रकाना खोडला. चहा गार झाला होता, तो एका घोटात प्याले. मग म्हणाले, "चला, आधी हेडबाईंना भेटू. कदाचित ऐकतील."

आम्ही तिघं रस्ता ओलांडून गेलो. जाताना मी हत्यारांची पेटी घेतली, वही मात्र दुकानातच ठेवली. हे मी विसरून केलं असं मी पुढे सांगितलं. तुम्हाला खरं सांगते: विसरले नव्हते.

शाळेला सुट्टी लागलेली. पोलादी दारासमोरच्या व्हरांड्यात हेडबाईने एक बाक टाकला होता आणि त्यावर बसून ती गणिताचे पेपर तपासत होती. शेजारी पाण्याची बाटली, पंखा आणि लाल शाईची दोन पेनं. बाई मुक्कामाच्या तयारीनेच आली होती.

"ये चावी," ती मान वर न करता म्हणाली. "तुलाच आणणार हे मला माहीत होतं."

"फूटपट्टी, चावी देऊन टाक ना. चांगल्या कामासाठी मागतायत."

"चांगल्या कामासाठीच मागतात गं सगळे. वाईट कामासाठी हवीय असं सांगून चावी मागायला आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही." मग ती जावयांकडे वळली. "साहेब, मी तुम्हाला अडवत नाहीये. नीट समजून घ्या. मी फक्त चावी देत नाहीये. राज्याची परवानगी आणा, नाहीतर न्यायाधीशांची सही आणा, मी स्वतः दार उघडीन, वह्या मोजून देईन, वर तुम्हाला चहा पाजीन. केंद्र मला विनंती करू शकतं. हुकूम करू शकत नाही. हे मी तीन पत्रांत लिहिलंय."

"तिन्ही वाचलीत मी," जावई म्हणाले. "बरोबर लिहिलीत."

"मग?"

 तेवढ्यात जावयांचा फोन वाजला. राजधानीतले मोठे साहेब. आवाज इतका खणखणीत की फोन कानाला लावायची गरजच नव्हती.

"झालं का? अहो, सासूबाई कुलूपवाल्या आहेत ना तुमच्या? घरचंच काम. लोक दार उघडायला पोलीस नेतात, तुम्हाला सासूबाई मिळाल्यात. फोटो नीट येऊ द्या. आणि हो, तुमच्या बदलीचा कागद माझ्या टेबलावर आहे. वह्या जीपमध्ये चढल्या की सही करतो."

फोन बंद झाला. हेडबाईने एका पेपरवर मोठी लाल फुली मारली. कोणत्या पोराचं नुकसान झालं देव जाणे.

मी व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभी होते आणि माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. आत्ता चिमणी सहा वर्षांची आहे. तिथली नेमणूक संपायला अजून पाच वर्षं. तेव्हा ती अकराची होईल. अकरा वर्षांच्या मुलीला आजीच्या मांडीवर बसायचं नसतं. मला घटना कळते, वडिलांनी मला ती वेगळ्या नावाने शिकवली आहे. पण त्या वेळी मला ती नको होती. मला शिंप्याच्या दुकानावरच्या खोल्या हव्या होत्या. लाज वाटते सांगायला, पण हव्या होत्या.

"बाजूला हो," मी हेडबाईला म्हटलं, आणि पेटी उघडली.

हेडबाईने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ती काही बोलेल म्हणून मी मनात चार उत्तरं तयार ठेवली होती.  पण तिने बाक एका बाजूला ओढला आणि मला जागा करून दिली. भांडली असती तर सोपं गेलं असतं.

"आई," जावई म्हणाले, "वही?"

"राहिली दुकानात. नंतर लिहू."

"नंतर?"

"अहो, घरचंच काम म्हणाले ना साहेब. होतं कधीकधी."

जावई माझ्याकडे बघत राहिले. आठ वर्षांपूर्वी ते माझ्या मुलीला मागणी घालायला आले होते, त्या संध्याकाळी त्यांच्याच गाडीची चावी आत राहून दार बंद झालं होतं. मी त्यांनाही वहीत लिहायला लावलं होतं. होणारा जावई म्हणून सूट दिली नव्हती. त्यांनी नीट लिहिलं होतं, गाडीचा कागदही दाखवला होता, आणि मुलीला मी आत जाऊन म्हटलं होतं, की या मुलाला हो म्हण.

"मी आणतो," ते म्हणाले, आणि रस्ता ओलांडून गेले.

मी पेटीतला तारेचा आकडा कुलपात घातला. वडिलांचं काम म्हणजे काम. पट्ट्या अजून लोण्यासारख्या हलतात. पहिली उचलली. दुसरी उचलली. आकड्यावर बोट ठेवलं की प्रत्येक पट्टी आपली जागा सांगते. तिसरी, चौथी. मला वाटत होतं, जावई येईपर्यंत सातही उचलल्या गेल्या तर प्रश्नच मिटला. पाचवी जरा अडून बसली. सहावीपाशी आले तेव्हा त्यांची पावलं वाजली.

ते बाकावर हेडबाईशेजारी बसले. वही मांडीवर उघडली. तिसरा रकाना त्यांनी मघाशी खोडून ठेवला होता, त्याच्या खाली नवी ओळ आखली. नाव लिहिलं, दार लिहिलं, आणि पेन थांबलं. मी आकड्यावर दाब धरून तशीच उभी होते. सोडला असता तर सहाही पट्ट्या खाली आल्या असत्या.

ते काहीतरी लिहीत आणि खोडत. 'राष्ट्रीय हित' लिहिलं, खोडलं. 'मुलांचं कल्याण' लिहिलं. त्यावर बराच वेळ थांबले. मग तेही खोडलं. पेनातली शाई संपली की काय, त्यांनी ते झटकून पाहिलं.

"हे घ्या," हेडबाईने लाल पेन पुढे केलं. "रंगाचं काही नाही. बरोबर असलं म्हणजे झालं."

माझा हात भरून आला होता. "जावईबापू, लिहा हो काहीतरी. इथे मनगट दुखतंय."

त्यांनी लिहिलं. एका दमात, न खोडता. मग वही माझ्यापुढे धरली. लाल शाईत लिहिलं होतं: 'हक्क आमच्याकडे नाही. राज्याकडे आहे. त्यांना विचारून येतो.' खाली सही आणि हुद्दा. खिशातून शिक्का काढून तोही उमटवला.

"आई, पट्ट्या सोडा," ते म्हणाले.

आणि मला राग आला. जे वाटलं ते सांगते, मला त्यांचा अभिमान बिभिमान काही वाटला नाही. रागाने माझे कान तापले. "अहो, मला सांगता? माझी वही मला दाखवता? माझी मुलगी तिथे होडीतून बाजारहाट करते. चिमणीला माझा चेहरा आठवत नाही दर वर्षी. एक दार उघडलं तर काय देश बुडणार आहे?"

"नाही बुडणार," ते म्हणाले. "पण मी नोकरीला लागलो तेव्हा घटनेची शपथ घेतली होती, आई. साहेबांची नाही." हे म्हणताना ते अवघडले, कान लाल झाले, मोठी वाक्यं बोलायची त्यांना सवय नाही. "आणि आज मी आलोय. उद्या दुसरा कुणीतरी याच दारापाशी येईल, दुसऱ्याच कामासाठी. तो तुमचा जावई नसेल. त्याला तुम्ही वही दाखवाल, तेव्हा तो मागचं पान उलटेल ना."

मी सहा पट्ट्या धरून उभी होते आणि सातवी राहिली होती.  

त्यांचा फोन पुन्हा वाजला. जावयांनी साहेबांना सरळ सांगितलं: वह्या घेत नाही, राज्याची परवानगी आल्यावर घेऊ, अहवाल पाठवतो.  मग साहेबांचा आवाज आला, आणि या वेळी तो खणखणीत नव्हता, मधाळ होता. मला वडिलांचा तो कोटवाला आठवला.

"फोन सासूबाईंना द्या."

जावयांनी फोन माझ्या कानाशी धरला. माझा एक हात कुलपात होता.

"बाई, जावयांचं तरुण रक्त आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही अनुभवी. तुम्ही फक्त दार उघडा, वह्या आमचे कारकून उचलतील. जावयांनी कशाला हातही लावायला नको. बदली अजून माझ्या टेबलावरच आहे. मुलगी, नात, सगळे महिन्याभरात तुमच्याजवळ. तुमच्या हातात आहे."

खरंच माझ्याच हातात होतं, अगदी बोटाच्या टोकावर. जावयांनी मान फिरवली आणि ते मैदानाकडे बघू लागले, मला त्यांच्याकडे बघून ठरवावं लागू नये म्हणून. कारकून कॅमेरा छातीशी धरून उभे होते. हेडबाईचं पेन पेपरवर टेकलेलं होतं, हलत नव्हतं. मी वहीकडे पाहिलं. माणसाकडे नाही, वहीकडे.

"साहेब," मी म्हटलं, "उघडते. पण आमच्याकडे वहीत लिहावं लागतं. तुम्हाला स्वतः यावं लागेल, आणि दार उघडून मागायचा हक्क काय ते स्वतःच्या अक्षरात लिहावं लागेल. मी दुकानात सकाळी नऊपासून असते."

फोन बंद झाला. मी आकडा बाहेर काढला. सहाही पट्ट्या एकामागून एक खाली बसल्या, प्रत्येकीचा आवाज मला ऐकू आला. मग मी हेडबाईच्या बाकावर बसले. तिने पाण्याची बाटली पुढे केली. टोमणा मारला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

पुढचं सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला चुटपुट लागेल. महिन्याने विधिमंडळाने परवानगी दिली. आजारांची आणि आईबापांची पानं झाकून फक्त मुलांची नावं आणि पत्ते द्यायचे, अशा अटीवर. हेडबाईने स्वतःच्या चावीने दोन मिनिटांत दार उघडलं. वह्या न्यायला नव्या कार्यालयातले नवे अधिकारी आले. चांगले वाटले. शिंप्याच्या दुकानावरच्या खोल्या त्यांनीच घेतल्या.

पण त्या मंगळवारी संध्याकाळी हे काहीच ठाऊक नव्हतं. जीप दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची होती. कारकून शाळेसमोरच्या बाकावर बसून काढलेले फोटो एकेक करून पुसत होते. जावई माझ्या घरी, स्वयंपाकघरात. मला म्हणाले, "तिला तुम्ही सांगाल का? माझा धीर होत नाहीये." मी म्हटलं, सांगते. म्हणून बाहेरच्या खोलीत बसून मी मुलीला फोन लावला आणि सगळं सांगितलं, मी सहा पट्ट्या उचलल्या होत्या तेही. काही वगळलं नाही.

ती ऐकत होती. पलीकडे पाण्याचा आवाज येत होता, होडीच्या धक्क्याचा असावा.

"म्हणजे नाही येत आम्ही," ती शेवटी म्हणाली.

"नाही."

"मला विचारायचं होतं तुम्ही दोघांनी." ती म्हणाली. "मला विचारलं असतंत, तर मी म्हणाले असते, उघडा. सरळ म्हणाले असते, आई."

"माहीत आहे."

ती रडत होती आणि मीही रडत होते. एवढ्या लांबून दोघींना ते नीट ऐकू येत होतं. मग तिने नाक पुसलं असावं. "बरं झालं विचारलं नाहीत," ती म्हणाली. "तो काय करतोय?"

मी आत डोकावले. जावई पाठमोरे उभे राहून चहाचे कप विसळत होते. कप दोनच होते, पण नळ बराच वेळ चालू होता.

"भांडी घासतोय," मी म्हटलं. "थांब, देते त्याला."